तिकीटखिडकीवरचा डबा

५ जानेवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र टेबलाच्या खणात टाकणार, हे मी धरूनच चालले आहे. टाक. पण आठवडाभराने का होईना, उघड. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' याच्यापुढे जात नाहीस आणि मग 'माणसं आली आहेत' म्हणून ठेवून देतोस. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. बाबा गेले तेव्हा तू सकाळी मोटारीने आलास आणि संध्याकाळी मोटारीने गेलास, जाताना एक कार्ड ठेवून गेलास. त्यावर छापखान्याचा पत्ता आहे, तिथेच पाठवतेय.

कारण असं की आपलं स्टेशन पाडतायत.

गेल्या आठवड्यात पिवळं हेल्मेट घातलेला एक इंजिनिअर दारात येऊन उभा राहिला. मी नुकतीच कामावरून आले होते, हातांना मेणाचा वास तसाच होता. (मी अजून कवळ्याच बनवते. गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात आणि उरलेल्या निम्म्यांची मापं घेऊन ठेवली आहेत.) हेल्मेट दारातही काढलं नाही त्याने. म्हणाला, नवं स्टेशन काचेचं होणार, सरकते जिने, वर दुकानं. आणि आत एक इतिहासाची भिंत. 'जुन्या मास्तरांच्या घरचे तुम्हीच उरलात. काही आठवणी, फोटो?'

मी त्याला बाबा सांगायचे तेच सांगितलं. आधी स्टेशन आलं, गाव नंतर. टेकडीतला दगड वाहून न्यायला रूळ टाकले आणि त्याच दगडाचं स्टेशन बांधलं. सुरुवातीला इथे उतरणारं कोणी नव्हतंच, गाडी थांबायची ती फक्त इंजिनाला पाणी पाजायला. मग पाणी पाजणाऱ्यांची घरं झाली, घरांना दुकान लागलं, दुकानाला गिऱ्हाईक. छताला टांगलेल्या रुळाच्या तुकड्याचंही सांगितलं. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की त्यावर हातोडा मारायचे आणि तो ठणका ऐकून आई चुलीवरचा भात उतरवायची. त्याने सगळं लिहून घेतलं. पण त्याला हवी होती ती गोष्ट वेगळीच होती आणि ती त्याला स्टेशनवरच कोणीतरी पुरवली होती.

'पोटच्या पोरासाठीसुद्धा ज्यांनी गाडी थांबवली नाही, ते मास्तर तुमचेच वडील ना?'

इतक्या आदराने विचारलं त्याने की दार लावून घ्यावंसं वाटलं. ती गोष्ट मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावायची आहे, खाली बाबांचा बावटा हातात घेतलेला फोटो. वक्तशीरपणाचा नमुना म्हणून. मी म्हटलं, गोष्टीत आणखी एक माणूस आहे, त्याला विचारावं लागेल. तेव्हा विचारतेय.

आई बरी आहे. जेवते, झोपते, दुपारी स्टेशनपर्यंत फिरून येते. बाकी विशेष नाही.

ताई


२५ जानेवारी

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. 'लावा हवं तर. खरीच गोष्ट आहे.' इतक्या वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून मी हात धुऊन, चष्मा पुसून, खिडकीत बसून उघडलं, तर आत एवढंच. छापखाना आहे ना तुझा? शाई महाग झाली वाटतं तिकडे.

चिडून मी चार दिवस लिहिलं नाही. मग लक्षात आलं, हातचं राखून तर मीही लिहिलं होतं. 'फिरून येते' म्हणाले ना, ते तितकंसं खरं नाही.

आई विसरते. गेल्या वर्षापासून जास्त. कधी मला शेजारीण समजते आणि 'तुमची मुलगी कुठे असते?' म्हणून विचारते. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. घर तिला कळतं, स्टेशनचा रस्ता कळतो. मी कामावर जाते तेव्हा ती घरात एकटी असते आणि मला वाटायचं, दुपारी थोडं पाय मोकळे करून येत असेल. ते कळलं ते असं.

तिकीटखिडकीवर एक चष्मेवाला कारकून आहे. पोटाचा विकार, तोंड कायम कडू. खालच्या दवाखान्यात त्याची दाढ काढली आणि माप घेऊन तो वर माझ्याकडे आला. मी त्याच्या जबड्याच्या साच्यात मेण भरतेय आणि हा मध्येच थांबवून म्हणतो, 'ताई, एक सांगू का? राग मानू नका. मीठ जरा कमी घालायला सांगाल?'

'कशात?'

'डब्यात.'

माझ्या तोंडाकडे बघून त्याने जीभ चावली. त्याला वाटत होतं, मला ठाऊक आहे.

तुला बाबांचा नियम आठवतो ना? घरचं माणूस असलं तरी तिकीट काढल्याशिवाय फलाटावर पाय ठेवायचा नाही. म्हणून आई त्यांचा डबा खिडकीवर द्यायची, रांगेत उभी राहून, इतर उतारूंसारखी. बरं, ती आता पुन्हा तेच करते. रोज स्वयंपाक करते, बाबांचा डबा भरते, रांगेत उभी राहते आणि नंबर आला की खिडकीच्या दगडावर डबा ठेवते. तो दगड मध्ये खोलगट झालाय, चिल्लर सरकवून सरकवून. डबा त्यात अगदी बसतो. 'ह्यांना द्या,' म्हणते. पहिल्या दिवशी चष्मेवाल्याने सांगून पाहिलं की आजी, इथे असं कोणी नाही. तर ती तिथेच थांबून राहिली, मागे रांग वाढत गेली. शेवटी त्याने डबा आत घेतला. संध्याकाळी जाताना घरी नेऊन दिला तो तसाच, भरलेला. तिने दारातच झाकण उघडलं आणि आत बघून अशी काही रडली, की तो म्हणतो, माझी आई गेली तेव्हाही असं रडणं मी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून तो डबा खातो. पोट दुखत असलं तरी खातो. धुऊन देत नाही, कारण तिला खाल्लेला डबा बघायचा असतो, कडेला शितं लागलेला. ह्याची सुट्टी असली की दुसरा कारकून खातो. खिडकीचा चार्ज देताना तिकिटांबरोबर डब्याचाही चार्ज देतात म्हणे. परवा एकाचा उपास होता तर सफाईवाल्या मावशींना बोलावून संपवला.

मला घरात काही कळलं नाही ते का, तर मी यायच्या आधी डबा घासून फडताळात ठेवलेला असायचा. मला वाटायचं, बाबांची आठवण म्हणून घासत असेल.

खिडकीवर ती आणखीही काही बोलते. ते आज लिहीत नाही. उगाच तुला वाटेल मी गळ घालतेय.

ताई


१२ फेब्रुवारी

बारक्या,

आता गळ घालतेय.

महिनाअखेर खिडकी बंद होणार. भिंतीवर नोटीस लागली आहे. जुनी इमारत, लोखंडी पूल, सगळं पाडणार आणि काचेचं उभं राहीपर्यंत तिकिटं मिळणार ती रुळांपलीकडच्या पत्र्याच्या खोलीत. पुलाचा आपल्या बाजूचा एक जिना आत्ताच बांबू लावून बंद केलाय. लोक लांबून वळसा घालून येतात आणि गाड्या चुकवतात, रोज भांडणं चालू आहेत.

मी रविवारी आईला त्या पत्र्याच्या खोलीपाशी नेऊन आणलं. म्हटलं, सवय करावी. चष्मेवालाही मुद्दाम आला, आत जाऊन खुर्चीवर बसला, म्हणाला, 'आजी, उद्यापासून इथे द्या हं.' आईने त्याच्याकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, डबा पोटाशी धरला आणि म्हणाली, 'हे स्टेशन नाही. इथून पूल दिसत नाही.'

पूल दिसणं हे तिचं खरं काम आहे. डबा देताना ती रोज एकच सांगते. चष्मेवाल्याने मला दाढेच्या दुसऱ्या मापाला सांगितलं, तेही खाली मान घालून. ती म्हणते, 'ह्यांना सांगा, आज गाडी जरा थांबवा. बारक्या पुलावर आलाय.'

तो म्हणतो, 'सांगतो, आजी.' मग ती समाधानाने घरी जाते.

तुला ती दुपार आठवते, पण अर्धीच. तुझ्या लेखी ती बावट्यापासून सुरू होते. तू पुलाच्या मध्यावर होतास, एका हातात सर्टिफिकिटांची फाईल, दुसऱ्या हातात डबा. आणि बाबांनी हिरवा बावटा दाखवला. त्यांनी तुला पाहिलं होतं, याबद्दल तुम्हा बापलेकांत कधीच दुमत नव्हतं. समोरून मालगाडी यायची होती, रूळ एकेरी, असं ते एकदा म्हणाले. ती गाडी चुकली म्हणून तुझी बोट गेली आणि बोटीवरची नोकरीही. तू डबा फलाटावरच्या बाकावर ठेवलास, सडकेवर गेलास आणि ट्रकला हात केलास. तुझी बाजू मी कधी खोटी म्हटली नाही.

पण तू घरातून वेळेवर निघाला होतास, बारक्या. बूट घालून उंबऱ्यात उभा होतास. तुला आईने अडवलं. 'पाच मिनिटं थांब, भात होतोय, वाटेत काय खाशील?' तू चिडलास, 'आई, नको ना,' म्हणालास, पण थांबलास. तिकडे रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडला तो आपल्याला तिघांनाही ऐकू आला. तिने भात उतरवला, तुझा डबा भरला, झाकण लागेना म्हणून पदराने दाबून लावलं. मग तू पळालास.

तू गेल्यावर ती बाबांचा डबा घेऊन खिडकीवर गेली, तेव्हा गाडी गेलेली होती आणि तूही. संध्याकाळी बाबा घरी आले ते दोन डबे घेऊन, एक स्वतःचा, एक बाकावरून उचललेला. आईने दोन्ही उघडले. दोन्ही भरलेले. तिने ते सगळं परत पातेल्यात काढलं आणि रात्री आम्ही तिघं तेच जेवलो.

तू बाबांवर राग धरलास. त्यांनी तो सहन केला, माझ्या मते त्यांना तो हक्काचा वाटला. शेवटच्या आजारपणात पडल्या पडल्या मला म्हणायचे, 'बघ गं, पुलावर कोणी आहे का.' पण आईला इतकी वर्षं वाटत आलंय की गाडी बाबांनी चुकवली नाही, तिच्या भाताने चुकवली. हे ती कोणाला बोलली नाही. विसरायला लागली आणि मगच तोंडातून बाहेर पडलं. बाकी सगळं गेलं तिचं, हे एवढंच शिल्लक राहिलं.

आणि ऐक. त्या दिवशी ती उशिरा पोचली होती ना, म्हणून आता रोज गाडी सुटायच्या आधी पोचते.

तू ये. महिनाअखेरच्या आत, जुना पूल असेपर्यंत. मला तुझ्याशी भांडायचं नाही, जुनं काही काढायचं नाही. तू फक्त दुपारच्या गाडीच्या वेळेला पुलावरून चालत ये आणि तिच्या हातून डबा घे. दुसऱ्या बाजूने तसाच निघून गेलास तरी चालेल. घरी चहालाही बोलावणार नाही, शब्द देते.

ताई


२६ फेब्रुवारी

बारक्या,

डॉक्टरांचा पत्ता मिळाला. आभारी आहे. त्यांच्याकडे 'अशा रुग्णांना ठेवून घेण्याची उत्तम सोय' आहे, हे वाचून बरं वाटलं. कामाची गर्दी आहे आणि मार्चमध्ये जमल्यास बघतोस, हेही वाचलं.

मार्चमध्ये पूल नसेल.

हेल्मेटवाल्याला मी सांगितलं की ती गोष्ट भिंतीवर लागणार नाही. 'तुमच्या भावाने परवानगी दिली आहे ना?' म्हणाला. मी म्हटलं, भावाने दिली, मी देत नाही. बाबांचा एक साधा फोटो दिला, बावट्याशिवायचा.

ताई


१ मार्च

बारक्या,

शेवटच्या दिवशी मी रजा घेऊन आईबरोबर गेले. तुला कळवायलाच हवं असं नाही, पण मला कोणाला तरी सांगायचंय आणि हे समजेल असं दुसरं माणूस मला नाही.

सकाळपासूनच तोडफोड सुरू होती. प्रतीक्षालयातले आणि फलाटावरचे उंच पाठीचे बाक बाहेर काढून ओळीने ठेवले होते. तुझा बाकही त्यात होता. रुळाचा तुकडा उतरवून एका पोत्यावर ठेवला होता, जमिनीवर तो अगदीच लहान दिसत होता. खिडकी मात्र दुपारच्या गाडीपर्यंत चालू ठेवायची, असं मास्तरीणबाईंनी बजावलं होतं. बाबांच्या खुर्चीवर आता बाई आहेत, माझ्यापेक्षा लहान, आवाज खणखणीत. त्यांना डब्याचं सगळं ठाऊक होतं. चष्मेवाला आजारी पडला होता तेव्हा दोनदा त्यांनीच संपवला होता.

आई रांगेत उभी राहिली. पुढे दोन माणसं, मागे मी. नंबर आला, तिने डबा दगडाच्या खोलगट भागात ठेवला आणि रोजचं सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, 'सांगतो, आजी.'

रोज ती एवढ्यावर वळते. काल वळली नाही. खिडकीशेजारची भिंत कामगारांनी सकाळी पाडली होती, दगडांचे दात पुढे आलेले आणि त्यातून थेट फलाट दिसत होता, तिथे उभी असलेली गाडी दिसत होती. इतक्या वर्षांत तिने खिडकीतून आतलं कारकुनाचं टेबल तेवढं पाहिलं होतं. ती बघत राहिली. मग तिने दगडावरचा डबा परत उचलला आणि त्या भगदाडातून आत गेली. तिकिटाशिवाय. मी 'आई, आई' करत मागे धावले, पण मातीच्या ढिगावरून ती माझ्यापेक्षा सफाईने उतरली.

मास्तरीणबाई बावटा घेऊन उभ्या होत्या. पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, त्यामुळे असेल. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, 'अहो, एक दिवस माझं ऐका. गाडी थांबवा. बारक्या पुलावर आहे.'

सिग्नल पडला होता. गार्ड डब्यातून डोकं काढून बघत होता. मी बाईंना म्हटलं, 'तुम्ही तुमचं काम करा, मी नेते हिला.' बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्यांनी मान वर करून पुलाकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला तू दिसशील असं वाटलं.

पुलावर एक माणूस पळत येत होता. बंद जिन्याशी जाऊन फसलेला, वळसा घालून धावत सुटलेला. टक्कल, सुटलेलं पोट, खांद्याला औषधांच्या नमुन्यांची बॅग, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. हात हलवत होता, 'थांबा, थांबा' ओरडत होता.

बाईंनी हिरवा बावटा काठीला गुंडाळला आणि काखेत धरला. गार्डने शिट्टी तोंडातून काढली.

पुलावरून खाली उतरायला माणसाला किती वेळ लागतो, हे मला काल कळलं. तो येईपर्यंत कोणीही हललं नाही. खिडक्यांतून उतारूंची डोकी बाहेर आली होती, एकाने 'काय झालं?' म्हणून विचारलंही, बाई म्हणाल्या, 'काही नाही, बसून राहा.' तो माणूस धापा टाकत आमच्यासमोरून गाडीकडे निघाला तर आईने त्याची बाही धरली. बाबांचा डबा त्याच्या हातात दिला, त्याची बोटं स्वतःच्या हाताने कडीवर मिटवली. 'गरम आहे. वाटेत खाऊन घे. टाकू नकोस.' तो बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे बघत राहिला. मी हात जोडले. त्याला काय समजलं देव जाणे, पण तो वाकला आणि म्हणाला, 'खातो, आई.' आणि चढला.

आई दोन पावलं मागे सरली. बाईंना म्हणाली, 'बसला तो. आता सोडा.'

बाईंनी बावटा दाखवला. गाडी गेली.

आई त्याच्यात तुला ओळखू शकली, याचं मला रात्रभर नवल वाटत राहिलं. बाबा गेले तेव्हा तू दिसलास, तरी मी तुला वीस-एकवीस वर्षांचाच धरून बसले आहे. तिने बरोबर तुझ्या आताच्या वयाचा माणूस उचलला. तुला आता टक्कल पडलंय का रे?

नंतर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'उशिराचं कारण मी कामगारांचा अडथळा असं लिहिणार आहे, तुम्ही कुठे बोलू नका. त्या हेल्मेटवाल्याला तर मुळीच नको, तो भिंतीवर लावेल.' आम्ही दोघी हसलो. मग मला रडू आलं ते थांबेना. त्यांनी टोपी काढून माझ्या शेजारी तुझ्या बाकावर बसून घेतलं.

ताई


२४ मार्च

बारक्या,

पूल गेला. तुकडे करून ट्रकवर घालून नेला. आता घराच्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं. खिडकीचा तो खोलगट दगड इतिहासाच्या भिंतीत बसवणार आहेत, खाली पाटी, 'उतारूंच्या नाण्यांनी झिजलेला दगड'. ते काही खोटं नाही, म्हणून मी गप्प बसले. चष्मेवाल्याची दाढ छान बसली. परवा पत्र्याच्या खोलीपाशी भेटला, म्हणाला, 'दुपारी भूक लागते हो आता. सवय वाईट.'

आई त्या दिवसानंतर स्टेशनकडे गेलेली नाही. दुपारी डबा भरत नाही, गाडीच्या वेळेला दाराकडे बघत नाही. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले, काही नवीन नाही. रात्री शांत झोपते. इतकी शांत की मी दोनदा उठून श्वास बघते.

फक्त संध्याकाळ झाली की विचारते. पहिले काही दिवस 'पोचला असेल ना?' विचारायची. मी म्हणायची, पोचला. 'नोकरी लागली?' लागली. मग ती बोटीबद्दल काहीबाही बोलायची, समुद्रात थंडी असेल का वगैरे. मी म्हणायची, स्वेटर आहे त्याच्याकडे. आता मात्र एकच विचारते, 'डबा परत नाही आला?' मी सांगते, येईल. 'खाल्ला असेल ना त्याने? का तसाच आणतोय?' खाल्ला म्हटलं तरी तिला पटत नाही, तिला झाकण उघडून बघायची सवय आहे.

तो औषधवाला कोण, कुठला, माहीत नाही. बाबांचा डबा गेला तो गेला. पण घरात दुसरा आहे. फडताळाच्या अगदी मागे, झाकणाला एका बाजूने पोचा, त्या दिवशी नीट लागत नव्हतं तोच. आईने तो परत कधी वापरला नाही आणि टाकलाही नाही. तो या पत्राबरोबर पार्सलने पाठवतेय.

मी तुला मागे जे मागितलं होतं ते आता मागत नाही. धावत यायची गरज नाही, पूलही नाही आणि गाडी तर तिच्या लेखी तू पकडलीस. तिचा तुझ्यावर राग नाही, बाबांवर नाही, आता स्वतःवरही नाही. राहिलं एवढंच की कुठल्याही दिवशी, कुठल्याही वाहनाने ये, हवं तर मोटारीने, आणि येताना हा डबा घेऊन ये. ती तुला ओळखेल असं समजू नकोस. मलाच ओळखत नाही. 'बसा' म्हणेल, पाणी देईल, पाहुण्यासारखं वागवेल. तू डबा तिच्या हातात दे.

येताना वाटेत त्यात काहीतरी खा, बारक्या. धुऊन आणू नकोस.

ताई